गिलरी क्लोजच्या दरवाजाला कुलूप चालत नाही

मी एक लोखंडी दरवाजा बोलतोय. बिजागऱ्यांवरून उचलून काढलेला, परसातल्या भिंतीला टेकवून ठेवलेला. म्हणून कुणी हळहळायची गरज नाही. जे झालं ते मला हवंच होतं.

लीथ बंदराजवळच्या एका लोहाराच्या भट्टीत मी घडलो. एडिनबराच्या हाय स्ट्रीटवरून उताराला लागणाऱ्या अरुंद दगडी बोळांना इथे क्लोज म्हणतात. त्यातल्या गिलरी क्लोजच्या वरच्या तोंडाशी मला बसवलं. भटकी कुत्री शिरू नयेत म्हणून रात्री मला नुसतं लोटून घेत. कुलूप कधी कुणी लावलं नाही.

छापखान्यातले कामगार, दूधवाल्या, शाळेची पोरं, आणि पुढे शहर पायी बघायला येणारे पाहुणे, सगळे माझ्यातून गेले. माणसांची एक गंमत आहे. दरवाजा सताड उघडा असला तरी जाता जाता त्याला हात लावतात. त्या हातांनी माझा एक गज पार गुळगुळीत झालाय.

पाहुण्यांना घेऊन यायचा ड्यूगल इम्री, लाल नाकाचा, दणदणीत आवाजाचा वाटाड्या. बोळात शिरला की तो प्लेगात गेलेल्या कुणा मुलीच्या भुताची गोष्ट रंगवायचा. मग तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडायची. तिथे राहायच्या अ‍ॅग्नेस मेल्ड्रमबाई. सगळा जन्म याच बोळात गेलेला.

"ड्यूगल, इथे भूत नाही रे. इथलं भाडं त्याला परवडायचं नाही."

पाहुणे हसायचे. ड्यूगल टोपी काढून वाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच भूत पुन्हा आणायचा.

मग खालचे मजले हार्टली नावाच्या गृहस्थाने विकत घेतले. सुट्टीवर येणाऱ्यांना खोल्या द्यायच्या, तर दारातून वर्दळ नको, असं त्याचं म्हणणं. त्याने मला साखळी घालून कुलूप ठोकलं. माणसं यायची, गज धरून आत डोकावायची आणि परत फिरायची. मला माझीच लाज वाटू लागली.

मेल्ड्रमबाईंना त्याने किल्ली देऊ केली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"माझी आई कुणाला विचारून या वाटेने गेली नाही," त्या म्हणाल्या. "मीही विचारणार नाही."

त्या दिवसापासून दुखऱ्या गुडघ्यांनी त्या खालच्या तोंडाने बाहेर पडत आणि अख्खा चढ वळसा घालून पाव आणायला जात. ड्यूगल आपल्या मंडळींना माझ्यासमोर पावसात उभं करून भुताऐवजी कुलपाची गोष्ट सांगे. बाईंनी नगरपालिकेकडे तक्रार केली. उत्तर येईना.

मार्चमधल्या एका बोचऱ्या सकाळी वळशाच्या पायऱ्यांवर बाई घसरल्या. मनगट सुजलं. तशाच त्या माझ्यासमोर आल्या. ड्यूगलची मंडळी तिथेच होती.

"ड्यूगल, हा दरवाजा बिजागऱ्यांच्या खुंट्यांवर नुसता टेकलेला आहे. सगळे मिळून उचला."

ड्यूगल क्षणभर घुटमळला. मग त्याने आणि काही पाहुण्यांनी मला धरलं. मी करकरलो, पण अंग चोरलं नाही. कुलूप जागच्या जागी राहिलं, मी दुसऱ्या बाजूने सुटलो. बाई आत गेल्या आणि त्यांच्यामागून सगळे.

हार्टलीने पोलीस बोलावला. हे कुणी केलं, असं त्या तरुण शिपायाने विचारलं.

"मी," मेल्ड्रमबाई म्हणाल्या.

"एकट्यांनी?"

"सकाळी ओटची लापशी खाल्ली होती."

शिपायाने हसू दाबलं. हा बोळ कुठे निघतो, असं त्याने विचारलं.

"चालून बघा."

तो खालच्या टोकापर्यंत चालत गेला आणि वळसा घालून धापा टाकत परत आला. हार्टलीला म्हणाला, "तक्रार लिहून घेतो, पण दरवाजा बसवायला माझा हात लागणार नाही."

उन्हाळ्यात नगरपालिकेचा निकाल आला. वाट सर्वांची, दरवाजा लावायचा नाही. हार्टलीला मग मी त्याच्या दिवाणखान्यात शोभेला हवा होतो. बाईंनी साफ नकार दिला. म्हणून मी इथे, बोळातल्या सगळ्यांच्या सामाईक परसात.

गंज चढतोय, चढू दे. पण कुलूप घेऊन पुन्हा कुणी आलंच, तर आत्ताच सांगून ठेवतो, मी त्या खुंट्यांवर बसणार नाही. वाकडा होईन, पण बसणार नाही.

हे शहर पायी फिरायला आलात, तर गिलरी क्लोजच्या तोंडाशी माझी जागा मोकळी दिसेल. सरळ आत शिरा. परवानगी मागू नका.