रतनसिंग तांड्याची कमान

शिला बसमधून फाट्यावर उतरली तेव्हा तिला आधी कमान दिसली, मग कमानीला टेकवलेल्या शिडीवरचा रामप्रसाद पेंटर.

कमान तिच्याच हातची. ती पुण्याला वास्तुकला शिकत होती. दिवाळीत बाने कागद पुढे केला आणि म्हणाला, "काढ एक झकास." तिने टोकदार कमान काढून दिली, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी वर मिळणारी. गवंड्याने टोक जरासं डावीकडे झुकवलं होतं, पण कमान उभी होती मोठ्या झोकात. शिलाला भर रस्त्यात नाचावंसं वाटलं. मग तिने खडूने आखलेली अक्षरं वाचली: आनंदनगर.

"रामप्रसादभाऊ, हे कोणतं गाव काढून राहिले?"

"तुमचंच, ताई. नायकांनी सांगितलं. जेवण झालं की रंग भरतो."

तांड्याचं नाव रतनसिंग तांडा. शिलाच्या पणजोबांनी, रतनसिंग नायकांनी लमाणांची भटकंती थांबवून बैल सोडले आणि सिद्धेश्वरच्या वाटेवरच्या या माळावर वस्ती केली, तेव्हापासूनचं. शिलाने बॅग खांद्यावर टाकली आणि तरातरा घर गाठलं.

होळी उद्यावर आली होती. अंगणात आई, रुख्मिणीबाई, चार बायकांना घेऊन लेंगीच्या गाण्यांची तालीम करत होती. शिलाला पाहून ती गाणं न थांबवताच हसली आणि मानेनेच लिंबाकडे खूण केली. तिथे सगळे पुरुष जमले होते. मधोमध पांढरा फेटा बांधून किसनसिंग, तांड्याचा नायक, शिलाचा बा.

"बा, नाव काहून बदललं?"

किसनसिंगचा चेहरा एकदम पडला. आठ दिवसांपासून तो या क्षणाची वाट पाहत होता. पोरगी धावत येईल, गळ्यात पडेल, असं त्याने मनात रंगवलं होतं.

"तुझ्यासाठीच ना, बाई! शिरड शहापूरच्या शाळेतून रडत आली होतीस. लेकरं तुला 'ए तांडा' म्हणून हाक मारायची. जेवली न्हाईस. मी म्हणलं होतं, हे नाव मी बदलून दाखवीन. मग? दाखवलं."

शिलाला ते आठवलं आणि तिचा राग जागच्या जागी विरघळला. पण तिकडे रामप्रसादचा जेवणाचा डबा रिकामा होत आला असणार.

"आता मला जुनंच नाव पाहिजे, बा."

"आता ग!" जगन म्हणाला. जगन तिचा चुलतभाऊ, औंढ्यात मोबाइलचं दुकान चालवणारा. "तू ऱ्हातीस पुण्यात. इथं गिऱ्हाईक पत्ता इचारतं. तांडा म्हणलं की लगेच नजर बदलते, सांगतो तुला."

"माहीत आहे, जगनभाऊ. मला पण बदललेली दिसते. ही कमान कोणत्या पद्धतीची आहे, सांगू?"

"वाकडी पद्धत," मागून कोणीतरी म्हणालं. गवंडी ओमप्रकाश तिथेच बसला होता. त्याने खाली मान घातली आणि सगळे हसले.

"गॉथिक म्हणतात हिला. बा, तुमी मोर्चाला मुंबईला गेला होता. मैदानासमोरच्या त्या मोठ्या स्टेशनाच्या सावलीत भाकरी खाल्ली म्हणाला होता."

"व्हय. काय इमारत, बाबा! दगडाला लेस लावल्यासारखी."

"तीच पद्धत. आता गॉथ कोण होते? युरोपातली माणसं. गाड्या, बैल, बायका-पोरं, सगळा संसार सोबत घेऊन नदी ओलांडून रोमच्या राज्यात आली."

"म्हंजे तांडाच की!" किसनसिंगने कान टवकारले.

"जवळपास. रोमवाल्यांनी त्यांना आधी भुकेनं छळलं, मग गॉथांनी रोम लुटलं."

"बराबर केलं," एक म्हातारा समाधानाने म्हणाला.

"पुढं ते गॉथ दुसऱ्या लोकांत मिसळून गेले. हजारभर वर्षं गेली. इटलीतल्या शहाण्या लोकांना ह्या टोकदार कमानीच्या इमारती आवडत नव्हत्या. शिवी कोणती द्यावी? म्हणाले, ही गॉथांची कामं. म्हणजे रानटी, अडाणी. गॉथांनी त्यातली एकही बांधली नव्हती."

"न केलेल्या कामाची शिवी," किसनसिंग हळूच म्हणाला. कुठंही चोरी झाली की आधी तांड्याकडे बोट दाखवणारे त्याने पाहिले होते; ते त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"मग पुढच्या लोकांना त्याच इमारती आवडायला लागल्या. शिवी होती ती कौतुक झाली. हौसेनं बांधायला लागले, पार मुंबईपर्यंत. पडक्या किल्ल्यातल्या भुतांच्या गोष्टींनाही गॉथिक म्हणू लागले. आता तर काळे कपडे, काळं काजळ लावून फिरणारी पोरंसुद्धा स्वतःला गॉथ म्हणवतात. माझ्या वर्गात एक आहे."

"आणि फी भरतात त्याचे मायबाप?" आईने अंगणातून विचारलं. हशा पिकला.

जगन मात्र हसला नाही. "गोष्ट चांगली हाय. पण त्या गॉथांना काय भेटलं? शिवी दिली तेव्हा ते मेलेले, कौतुक झालं तेव्हाबी मेलेलेच."

शिलाने याचा विचार केला नव्हता. तिने कमानीकडे पाहिलं. रामप्रसाद डबा आवरत होता.

"हेच तर," ती सावकाश म्हणाली. "त्यांचं नाव चांगलं का वाईट, ते दुसऱ्यांनीच ठरवलं. त्यांना कोणी विचारलंच न्हाई. आपण तर जिते आहोत ना, जगनभाऊ? कमान आपली, रंग आपला, शिडीसुद्धा आपलीच."

जगन मान वळवून फाट्यावरच्या शिडीकडे पाहू लागला.

किसनसिंग अस्वस्थ होऊन उठला. "पण मी शब्द दिला होता. नायकाचा शब्द हाय."

"कोणाला दिला होता?" आईने गाणं थांबवलं.

"हिलाच."

"मग हिनंच मोकळा करावा."

तांड्याची ही रीत सगळ्यांना माहीत होती: नायकाचा शब्द नायकालाही मोडता येत नाही. ज्याला दिला, त्यानेच नायकाच्या तोंडात गूळ घालून तो परत करायचा. आजवर हे भांडणं मिटवताना व्हायचं. लेकीने बापाला मोकळं करताना कोणी पाहिलं नव्हतं. रुख्मिणीबाईने घरातून गुळाचा खडा आणला, तोही मुद्दाम मोठा. शिलाने तो बाच्या तोंडात घातला. गाल फुगलेला नायक काहीतरी बोलू पाहत होता, पण कोणालाच कळेना. बायकांनी त्याच्यावरच गाणं जुळवलं, गूळ खाऊन मुका झालेल्या नायकाचं, आणि डफ घुमू लागला.

डोळे पुसत, गूळ चावत किसनसिंग फाट्याकडे चालू लागला. मागोमाग सगळा तांडा. एवढी माणसं येताना पाहून रामप्रसाद शिडीवर दोन पायऱ्या वर सरकला.

"पुसा ते!" गूळ गिळून किसनसिंग ओरडला. "रतनसिंग तांडा लिव्हा!"

"नायक, आखणी पुन्हा करावी लागंल."

"करा की!"

रामप्रसादने ओल्या फडक्याने आनंदनगर पुसून काढलं. कमानीवरून पांढरं पाणी ओघळलं. तो नव्याने आखू लागला तोच जगन पुढे आला, त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली आणि वर पाहून दरडावलं,

"एवढी बारीक अक्षरं काहून काढून राहिले? मोठी काढा. बसमधल्या माणसाला वाचता आली पायजेत."