लहूने पाठ फिरवली

संस्थेच्या कमलताई माझं आयुष्य किती बरं चाललंय ते मोजायला आल्या होत्या. गुण चांगले पडले तर रोज सकाळी घरी मदतनीस येणार. कमी पडले तर वडाळ्याचा वृद्धाश्रम. मला डिलाईल रोडची ही खोली सोडायची नव्हती. बायको गेली, गिरणी गेली, पण पुस्तकं इथेच आहेत, आणि भिंतीपलीकडे लहू.

गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, खडखडाटाने माझे कान कधीच गेले. पण साचेखात्यातला माणूस ओठ वाचतो. तिथे आवाजाचा उपयोगच नसायचा. लहू आणि मी समोरासमोरच्या साच्यांवर उभे राहून नुसत्या ओठांनी मुकादमाला शिव्या घालायचो. कुणाला कळू द्यायचं नसलं की त्याच्याकडे पाठ करून बोलायचं. तेवढा एकच आडोसा होता.

कमलताई समोर बसून सावकाश विचारत होत्या. झोप लागते का? लागते. वाचता येतं का? "तेवढंच येतं," म्हणालो, तर त्या हसल्या. जगण्यावर समाधानी आहात का, याला मात्र मी अडखळलो. आपणच आपल्याबद्दल असं कसं सांगायचं? "ठीक," म्हणालो. बहुधा तिथे गुण गेले.

"मनातलं कुणाला सांगता?"

"लहूला," मी लगेच म्हणालो. "संपात आमची दोन्ही घरं एका चुलीवर जेवली. त्यालाच विचारा ना माझ्याबद्दल."

लहू गॅलरीतच उभा होता. ताई बाहेर गेल्या. दारातून मला तो स्वच्छ दिसत होता. "तुळशीदासाला काय धाड भरलीय?" त्याचे ओठ म्हणाले. "नुसता पुस्तकातला किडा." ताईंनी आणखी काही विचारलं. लहूने माझ्याकडे पाहिलं, आणि कठड्याकडे वळून बोलू लागला. बराच वेळ बोलला. मला त्याची पाठ दिसत होती आणि ताईंची हलणारी मान.

माझाच स्वभाव संशयी, मी मनाशी म्हटलं. ऊन लागत असेल त्याच्या डोळ्यांना.

ताई आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा फार मऊ झाला होता. "आजोबा, मोरीत पडला होतात ते सांगितलं नाहीत. गॅस उघडा राहिला होता, तेही नाही."

हे लहूखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानेच मला उचललं होतं, त्यानेच गॅस बंद केला होता, आणि त्यानेच बजावलं होतं, "कोणाक सांगा नको."

"वडाळ्याला काळजी चांगली घेतात," ताई म्हणाल्या. "लहूकाका म्हणाले, आता त्यांच्याने होत नाही."

होत नसेलच. तोही म्हातारा झालाय, हे मला कळायला हवं होतं. पण ते माझ्याकडे तोंड करून म्हणाला असता तर मी वडाळ्याला आपण होऊन गेलो असतो, असं वाटतं. खात्री नाही.

ताई गेल्यावर लहू दारात आला. साच्यावर उभा असल्यासारखे त्याचे ओठ हलले. "तुळश्या, ऐक माझा."

मी पुस्तक उघडलं आणि त्यात डोकं घातलं. त्याने दारावर थाप मारली असेल, हाकही मारली असेल. मला ऐकू येत नाही.