हाताला लागणारा वारा

ताईने लिव्हर डावीकडे ढकलली, तरी जमिनीवर पडलेली शेपटीची सावली हलली नाही.

तिला वाटलं, आपणच पुरती ढकलली नसेल. तळवा घट्ट रोवून तिने ती पार टोकापर्यंत नेली, मग उजवीकडे ओढली. लिव्हर नेहमीसारखाच थोडा विरोध करत गेली आणि परत आली. डाव्या पंखापलीकडे सिमेंटवर विमानाची लांबुळकी सावली पडली होती. तिच्यात शेपटीचं उभं पातं स्पष्ट दिसत होतं, आणि ते भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखं जागच्या जागी होतं.

एरवी विमान हँगरच्या आत असतानाच मिस्त्री तिला उचलून पुढच्या सीटवर बसवायचा. आज पाहुणे येणार म्हणून विमान सकाळीच बाहेर काढून, पुसून लखलखीत केलं होतं आणि ऊन उजवीकडे मागून तिरपं येत होतं. सीटचे पट्टे आवळले की ताईला मान वळवून शेपटीकडे बघता येत नसे. सावलीला मात्र मान वळवावी लागत नव्हती.

"मिस्त्री, सुकाणूची तार तुटली वाटतं," ती म्हणाली.

मिस्त्री पंखावरची धूळ टिपत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"तुटली नाही."

"मग पातं हलत का नाही?"

फडकं एकाच जागेवर गोल गोल फिरत राहिलं.

"कॅप्टनसाहेब येतायत. त्यांनाच विचारा."

"तार जोडलेली आहे की नाही, एवढंच सांगा."

मिस्त्रीने फडकं खांद्यावर टाकलं आणि तो हँगरकडे चालू लागला. त्याला तिथे काही काम नव्हतं.

ताई बस आगारात उद्घोषणा करायची. काचेच्या खोपटात बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, हे सगळ्या गावाला सांगायचं. पाय लहानपणीच गेलेले. कुबड्या आणि पायांना बांधलेल्या लोखंडी पट्ट्या यांच्या आधाराने ती घरापासून खोपटापर्यंत आणि खोपटापासून घरापर्यंत जायची. तिच्याहून वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा तिला ताई म्हणत. ते म्हणत, "आम्हाला जगभर पाठवते आणि स्वतः बसते बिळात." ती हसायची. आवाज सोडला तर तिचं काहीच त्या काचेबाहेर जात नव्हतं.

मग फ्लाइंग क्लबने जाहीर केलं, की ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांनाही आता विमान चालवता येईल. सुकाणूची पेडलं पायांनी दाबावी लागतात. त्यांच्याऐवजी पुढच्या सीटपाशी हाताने ढकलायची लिव्हर बसवली आहे. मागच्या सीटवर कॅप्टन असतील, पण चालवायचं शिकणाऱ्याने. पहिलं नाव ताईचं आलं.

त्यानंतर दर रविवारी ती उडत होती. आगारात चौकशीच्या खिडकीशेजारी तिचा फोटो लागला. सोमवारी कंडक्टर मंडळी काचेला नाक लावून विचारायची, "काल काय केलंस?" आणि ती सांगायची. सगळ्यात जास्त ती वाऱ्याचं सांगायची. "वळताना वारा पात्याला ढकलतो, आणि ते लिव्हरमधून थेट हाताला कळतं. कुणीतरी पलीकडून हात दाबतंय असं वाटतं." एकदा आडवा वारा सुटलेला असताना तिने विमान सरळ रेषेत धावपट्टीवर उतरवलं होतं. ती गोष्ट तर तिने इतक्यांदा सांगितली होती, की ऐकणाऱ्यांनाच पाठ झाली होती.

कॅप्टन आला तो शीळ घालत. उंच, उमदा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. मागच्या सीटवर चढण्यासाठी त्याने पायरीवर पाय ठेवला.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"काय कधीपासून?"

"ही लिव्हर रिकामी आहे, ती कधीपासून?"

पाय पायरीवरच राहिला. त्याने हँगरकडे पाहिलं. मिस्त्री तिथे पाठमोरा उभा होता.

"पाहुणे गेल्यावर बोलू, ताई."

"आत्ता."

कॅप्टन खाली उतरला आणि तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. खालच्या आवाजात म्हणाला, "मिस्त्रीनं जोडली होती. तुम्ही पहिल्यांदा बघायला आलात, हलवून पाहिलीत, तेव्हा ती खरीच होती."

"तेव्हा विमान जमिनीवर होतं."

"हो."

"हवेत?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"पण हाताला वारा लागायचा," ताई म्हणाली. आपला आवाज लहान मुलीसारखा आला, हे तिचं तिलाच ऐकू गेलं.

"खाली स्प्रिंग बसवलीय. नुसती सैल सोडली असती, तर तुम्हाला लगेच कळलं असतं." हे त्याने असं सांगितलं, जणू त्यांनी तिची केवढी काळजी घेतली होती.

"आणि हा समोरचा, विमान वर-खाली करायचा दांडा?"

"दांडा तुमचाच. बहुतेक वेळा."

"आणि आडव्या वाऱ्यातलं ते लँडिंग?"

कॅप्टनला खरंच वाईट वाटत होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तेच तिला सोसत नव्हतं.

"त्या दिवशी तुमचा हात इतका बरोबर चालला होता, ताई, की तार असती तर तुम्हीच उतरवलं असतंत."

धावपट्टीच्या कडेच्या गवतातून दोन गाड्या येताना दिसल्या. पुढच्या गाडीच्या खिडकीतून क्लबच्या सेक्रेटरीबाई लांबूनच हात हलवत होत्या.

"का केलंत असं?" ताईने विचारलं.

"तुमचे वडील आले होते. तुमच्या पहिल्या उड्डाणाच्या आधी. म्हणाले, पोरीला वर न्या, तिची हौस होऊ दे, पण तिच्या हातात काही देऊ नका." कॅप्टनने टोपी काढून पुन्हा घातली. "लाइनमन होते ना ते? म्हणाले, आमच्यात आधी खटका पाडून वीज तोडतात, मग माणसाला खांबावर चढवतात. काय बोलणार मी? मलाही मुली आहेत."

"आणि तुम्हालाही सोपं पडलं."

"ते खोटं नाही," कॅप्टन म्हणाला.

गाड्या येऊन थांबल्या. माणसं उतरू लागली. दोघा-तिघांसाठी घडीच्या चाकखुर्च्या उलगडल्या गेल्या. सेक्रेटरीबाई त्यांना विमान दाखवत होत्या, ताईला दाखवत होत्या.

"उतरायचंय तुम्हाला?" कॅप्टनने विचारलं.

ताईने विचार केला. उतरायचं म्हणजे मिस्त्रीला बोलवायचं. तो काखेत हात घालून तिला वर उचलणार, पट्ट्यांमधले पाय काठाला आपटत बाहेर येणार, आणि एवढी माणसं हातातली फुलं सावरत ते बघणार. न उडता उतरली, असं म्हणणार. घाबरली, म्हणणार.

"चला," ती म्हणाली.

विमान धावलं आणि उचललं गेलं. ताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. तिने लिव्हरला हात लावला नाही की दांड्याला लावला नाही.

कानात कॅप्टनचा आवाज आला, सवयीने आलेला, "ताई, आता डावीकडे घेऊ या, हलकेच." मग आवाज एकदम थांबला. विमान डावीकडे वळलं, हलकेच.

खाली गाव दिसत होतं. आगार काड्यापेटीएवढं. आज रविवार, तिच्या जागी बदलीचा माणूस बसला असेल, तो गावांची नावं चुकीची उच्चारतो. एक बस फाटकातून बाहेर पडत होती. आजवर ताईने कधी खाली इतकं निवांत पाहिलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष हातांत असायचं. आता बघायला वेळच वेळ होता. तिला वाटलं, रडू येईल. आलं नाही. मांडीवरच्या हातांकडे मात्र तिला बघवेना. सबंध वर्ष ते इमानेइतबारे राबले होते, आणि त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

विमान उतरलं ते जमिनीला कळलंसुद्धा नाही.

टाळ्या वाजत होत्या. काच सरकवल्यावर सेक्रेटरीबाई आधी पुढे आल्या. "आज तर लोण्यासारखं उतरवलंत हो, ताई. आतापर्यंतचं सगळ्यात छान." त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. त्यांना खरोखर माहीत होतं की नव्हतं, हे ताईला पुढेही कधी कळलं नाही. त्यांनी माइक तिच्या हातात दिला. "पाहुण्यांना ते सांगा ना, वाऱ्याचं. हाताला लागतो ते."

माइक हातात आला तसा ताईचा कणा ताठ झाला. अपघात झालेल्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसांनाही तिने याच आवाजात "कृपया प्रतीक्षा करावी" सांगितलं होतं.

"वळताना वारा पात्याला ढकलतो," ती म्हणाली. "ते लिव्हरमधून थेट हाताला कळतं. कुणीतरी पलीकडून हात दाबतंय, असं वाटतं."

कॅप्टन विमानाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता. मिस्त्री दिसत नव्हता.

चाकखुर्चीतल्या एका बाईने हात वर केला. तरणीताठी बाई, अपघात अगदी अलीकडचा असावा. खुर्चीची सवय अजून अंगात मुरली नव्हती. "मलाही जमेल का हो?" तिने विचारलं.

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं.

"जमेल," ती म्हणाली.

घरी वडील जेवायचे थांबले होते. ताईची आई गेल्यापासून स्वयंपाक तेच करत आणि रविवारी ती क्लबवरून आल्याशिवाय घास घेत नसत. तिच्या कुबड्यांचा आवाज जिन्याशी आला, की दार उघडून उभे राहत. आजही उभे होते. ताटं वाढलेली होती.

"काय मग," बसता बसता त्यांनी विचारलं, "आज कुणी उतरवलं?"

हा प्रश्न ते दर रविवारी विचारत. दर रविवारी ती म्हणे, मी. मग ते मान डोलवत आणि संध्याकाळी चौकातल्या बाकावर जाऊन मित्रांना सांगत. ताईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे कौतुकाने भरले होते. त्यात तिळाएवढीही खोट दिसत नव्हती.

"मी," ती म्हणाली.

"शाब्बास."

ती दोन घास जेवली.

"कॅप्टन म्हणाले, पुढच्या रविवारी एकटीनं उडवा."

वडिलांचा हात पाण्याच्या भांड्यापर्यंत गेला होता, तो तिथेच राहिला.

"एकटीनं म्हणजे?"

"मागची सीट रिकामी."

"असं कसं म्हणाले ते?"

"तयारी झाली म्हणाले माझी."

वडिलांनी भांडं उचललं, न पिताच खाली ठेवलं. "या दिवसांत वारा फार असतो."

"वाऱ्यातही उतरवलंय मी. तुम्हीच सगळ्यांना सांगता."

"पुढच्या रविवारी आत्याकडे जायचंय आपल्याला."

"आत्याकडे शनिवारी जाऊ."

"मी बोलतो कॅप्टनशी."

"काय बोलणार?"

हे विचारून ताई थांबली. तिने हातातला घास ताटात ठेवला. वडिलांच्या कपाळावर घाम आला होता, बोटं ताटाच्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होती. आयुष्यभर विजेच्या तारांवर काम केलेली ती बोटं, टोकांना काळवंडलेली. त्यांनी एक खरं वाक्य बोलावं, एवढंच तिला हवं होतं. कसंही बोलले असते, तरी चाललं असतं. चिडून बोलले असते, रडून बोलले असते, तरी तिने ऐकून घेतलं असतं. त्यांचा जीव टांगणीला लागलेला ती बघत होती, आणि तो तिने तसाच टांगता ठेवला.

शेवटी ते बोलले. ताटाकडे बघत.

"तुझ्यानं नाही व्हायचं ते, बाळा."

ताईने ठेवलेला घास ताटाच्या कडेला सारला.

"सोबतीला कुणी असलं की निराळं. एकटीला नाही झेपायचं. पायांची कामं हातांनी होतात असं म्हणतात लोक, बोलायला काय जातं त्यांचं." त्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे पाणावले होते, पण आता आवाजात जोर आला होता. "मला माहीत आहे ना तू किती करू शकतेस ते. तुला लहानपणापासून उचलत आलोय मी."

"हो," ताई म्हणाली.

"रागावलीस?"

"नाही. तुम्ही म्हणता तर नाही जात एकटी."

वडिलांनी डोळे मिटून श्वास सोडला. मग भांडं उचलून सगळं पाणी एका दमात प्यायले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. तिने मागितली नसतानाही त्यांनी तिच्या ताटात आणखी भाजी वाढली.

"यात काही कमीपणा नाही," ते म्हणाले. "कॅप्टन मागे असतात ते बरं असतं. पुढच्या रविवारी मीच येतो बघायला. किती दिवस म्हणतोय."

"या ना," ताई म्हणाली. "मला उचलून पुढच्या सीटवर तुम्हीच बसवा. पट्टेही तुम्हीच आवळा."

"आवळीन की," वडील म्हणाले, आणि मनापासून जेवू लागले.