मेडेल प्रुइटची हूल

मेडेल प्रुइटने हातातली पाचही पानं टेबलावर उताणी मांडली, तशी ओरन टाकेटने ती आपल्या वाकड्या बोटांनी गोळा केली आणि पालथी करून तिच्याकडे परत सरकवली.

"मला दाखवू नका."

"तुम्हीच विचारलंत ना, काय आलंय म्हणून?"

"शनिवारी हर्शेल डॅगेटही विचारेल. तो तर चांगला गोड आवाजात विचारेल. त्यालाही अशीच मांडून दाखवणार का, मिस मेडेल?"

मेडेलने पानं उचलली आणि छातीशी धरली. "कुणी विचारलं तर सांगायचं नाही, हे मला जमत नाही, मिस्टर टाकेट. रविवारच्या शाळेत पोरांना मी दुसरं काय शिकवते?"

"पोरांना शिकवा. हर्शेलला कशाला शिकवताय?"

दुपारचं रणरणतं ऊन होतं, तरी स्वयंपाकघराचे पडदे ओढून घेतले होते. समोरच पाद्रीबाईंचं घर होतं. मेडेलचे कट्टर बाप्टिस्ट वडील पत्त्यांना सैतानाची पोथी म्हणत, आणि ही पोथी या आठवड्यात पहिल्यांदाच या घराचा उंबरा ओलांडून आत आली होती. तिच्याबरोबर ओरनही आला होता. टेक्सासभर गावोगाव हिंडून त्याने उभी हयात पोकरवर काढली होती. सांधे धरल्यापासून तो प्रुइटांच्या कोठाराच्या आवारात, एका जुन्या चाकांच्या घरात राहत असे. मेडेलच्या भावाने, रॉय लीने, त्याला तिथे जागा दिली होती.

रॉय ली फेब्रुवारीत गेला. गावाच्या टोकाला, रेल्वेच्या रुळांलगत उभं असलेलं गव्हाचं कोठार मेडेलच्या गळ्यात पडलं. तिथला वजनकाटा तीच सांभाळायची, त्यामुळे काम तिला नवं नव्हतं. नवी होती ती माणसांची मुकी तोंडं. दफनाच्या दिवशी सगळे शेतकरी टोप्या काढून उभे राहिले, त्यांच्या बायकांनी ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाची भांडी आणून दिली, पण यंदाचा गहू कुणाच्या कोठारात जाणार याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी मेडेल सरळ हर्शेल डॅगेटच्या दारात जाऊन उभी राहिली. हर्शेलचा गहू जिकडे जाई, तिकडेच बाकीच्यांचा जाई.

"बघू," हर्शेल म्हणाला होता. "शनिवारी बोलतो आम्ही."

"मग शनिवारी मीही येते."

"मेडेल, तिथं आम्ही पत्ते खेळतो."

"रॉय लीची खुर्ची रिकामी आहे ना?"

"खेळता येणाऱ्यासाठी आहे," तो हसत म्हणाला होता. ते दोघं एकाच शाळेत, एकाच वर्गात शिकलेले. तेव्हाही तो असंच हसायचा.

त्याच संध्याकाळी पेकानचा सुकामेवा घातलेली गोड पेस्ट्री घेऊन तिने ओरनचं दार वाजवलं होतं.

खेळ तिने भराभर उचलला. पाच पानं वाटायची, नको असतील ती टाकून तेवढीच नवी घ्यायची, मग ज्याची छाती असेल त्याने पैज वाढवायची. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्यांच्यापेक्षा तिर्री, म्हणजे एकसारखी तीन पानं, मोठी. पहिल्या दिवशी ती गुलामाला 'तो मिशीवाला मुलगा' म्हणाली, दुसऱ्या दिवशीपासून गुलाम म्हणायला लागली. पैजेच्या चकत्यांऐवजी दोघांनी कडधान्याचे दाणे घेतले होते. कच्ची पानं आली की ती निमूट टाकून द्यायची, लोभ करायची नाही.

"रॉय लीपेक्षा बऱ्या आहात," ओरन म्हणाला. "त्याला एकही डाव सोडवायचा नाही. जेवणावरून उठवल्यासारखं तोंड करायचा."

अडलं ते हुलीपाशी. हातात काही नसताना खूप काही असल्यासारखी पैज लावायची, म्हणजे समोरचा घाबरून पानं टाकतो, हे तिला समजत होतं. पण हात पुढे व्हायचा नाही. झालाच, तर मान लालबुंद व्हायची.

"हे खोटं बोलणं झालं."

"तोंडातून एक अवाक्षर तरी काढताय का? तुम्ही दाणे पुढे सरकवता. बघायचं असेल तर त्याने पैसे टाकावेत, बघावं."

"आणि काट्याचं काय? माझ्या आकड्यावर लोक डोळे मिटून विसंबतात. कारण मी खोटं बोलत नाही."

ओरनने पत्ते पिसणं थांबवलं. "काटा काट्याच्या जागी. या टेबलावर बसणारा प्रत्येक जण जाणून असतो की समोरचा हूल देईल. जाणूनबुजून बसतो. त्याला फसवणूक कसं म्हणायचं?"

मेडेलने समोरचे दाणे एका ओळीत लावले.

"आणखी एक सांगतो. जन्मभर खरं बोलण्याची पुंजी त्या चौघांपैकी एकाकडेही नाही. तुमच्याकडे आहे. पण मोठी नोट असते तशी असते ती. एकदा मोडली की मोडली."

"आणि ही मान?"

"मान राहू द्या की लाल. मघाशी तीन राण्या आल्या तेव्हाही लालच झाली होती."

शनिवारी दुपारी बक नान्सच्या पशुखाद्याच्या दुकानात मागच्या बाजूला, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, गोल टेबलाभोवती चौघं बसले होते. हर्शेल, स्वतः बक आणि दोघे आयव्ही बंधू. मेडेल आत आली तसे सगळे उभे राहिले. बकने रॉय लीची खुर्ची फडक्याने पुसली. मेडेलने पर्स खुर्चीखाली ठेवली, हातमोजे काढले आणि म्हणाली, "बसा आता. चर्चमध्ये आल्यासारखे उभे काय राहिलात?"

पहिले कितीतरी डाव तिने पानं टाकली. गप्पा गुरांच्या, पावसाच्या, थोरल्या आयव्हीच्या गुडघ्याच्या चालल्या होत्या. गव्हाचा विषय कुणी काढला नाही, तिनेही नाही. मग तिला खरोखरच नहिल्याची तिर्री आली. तिने पैज वाढवली आणि मान तापल्याचं तिला आतून कळलं. चौघांनीही पटापट पानं टाकली.

"मेडेल, तुझी मान बघितली की पानं बघायला नकोत गं," हर्शेल म्हणाला, आणि टेबल हसलं. तीही हसली.

त्यानंतर बऱ्याच वेळाने बकने वाटलेल्या एका डावात तिच्या हातात काहीच आलं नाही. बदामाचा राजा, आणि बाकीची चार एकमेकांशी ओळख नसलेली पानं. हर्शेलने पैज लावली. आयव्ही बंधूंनी पानं टाकली, बकनेही टाकली. मेडेलने पानांच्या कडा अंगठ्याने सारख्या केल्या आणि चकत्या टाकल्या.

हर्शेलने एक पान बदललं.

"तुला किती?" बकने विचारलं.

"एकही नको."

टेबलावरच्या गप्पा थांबल्या. पाचही पानं ठेवून घेणारा माणूस एक तर भरल्या हाताचा असतो, नाहीतर वेडा. मान तापायला लागली. मेडेलने तिला तापू दिलं, आणि समोरच्या सगळ्या चकत्या दोन्ही तळव्यांनी मध्यभागी ढकलल्या.

हर्शेल तिच्या मानेकडे बघत राहिला. मग त्याने टोपी मागे सारली आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, "मेडेल, खरं सांग. मोठं काही आलंय?"

सगळे तिच्याकडे बघत होते. नाही म्हटलं तर डाव गेला असता. हो म्हटलं तर दुसरंच काहीतरी गेलं असतं.

"बघायचं असेल तर चकत्या टाक, हर्शेल."

हर्शेलने एक मोठा श्वास सोडला आणि पानं उताणी टाकली. राजा-दश्शीच्या दोन जोड्या. "नको रे बाबा. बाप्टिस्ट बाईशी कोण भांडणार?"

चकत्या तिच्या झाल्या. कुणी बघायचे पैसे दिले नव्हते, म्हणजे पानं दाखवायची गरज नव्हती. दाखवू नका, मेलात तरी दाखवू नका, हे ओरनने तिला घोटून घोटून सांगितलं होतं. मेडेलने पानं गड्डीत मिसळायला हात पुढे केला, थांबली, आणि एकेक करून पाचही पानं उताणी केली.

धाकट्या आयव्हीने शीळ घातली. हर्शेलचे कान लाल झाले. तो पानांकडे बघत राहिला, जणू सहावं पान कुठेतरी खाली लपलं असावं. मग बक फुटला. पोत्यावर हात आपटून आपटून हसायला लागला, आयव्ही हसले, आणि सगळ्यांत शेवटी हर्शेलही हसला.

"छत्तीस सालापासून ओळखतो मी या बाईला," तो म्हणाला.

पुढचा डाव पिसताना मान वर न करता तो बोलला, "जूनमध्ये माझ्यासाठी जागा ठेव कोठारात."

"ठेवलेलीच आहे," मेडेल म्हणाली. "वाट पत्ते."

संध्याकाळी ओरन दारातच बसून तिची वाट बघत होता. सगळं ऐकेपर्यंत त्याचा चेहरा खुलत गेला, आणि शेवटाला एकदम पडला.

"दाखवलीत? फुकट?"

"हो."

"अहो, का?"

"परवा सोमवारी तीच माणसं गावात भेटतील, जूनमध्ये काट्यापाशी येतील, मिस्टर टाकेट. मी काय केलं ते त्यांना माहीत असलेलं बरं."

ओरनने वाकडी बोटं गुडघ्यावर चोळली. "मी इतकी वर्षं खेळलो," तो म्हणाला, "पण मला कुठल्याच गावात सोमवारपर्यंत राहावं लागलं नाही."

जूनमध्ये गहू पिकला. कापणीच्या पहिल्या सकाळी, दव सुकताच, हर्शेलचा ट्रक गव्हाने शिगोशीग भरून आवारात शिरला आणि काट्यावर येऊन थांबला. मेडेल काटाघराच्या खिडकीत उभी होती. तिने दांडीवरचं वजन सरकवलं, दांडी हलली, डोलली, हळूहळू स्थिर होत गेली.

ट्रकचं इंजिन बंद झालं.

इतक्या वर्षांत हर्शेल काट्यावर कधी खाली उतरला नव्हता. टोपी डोळ्यांवर ओढून, कोपर खिडकीबाहेर काढून बसायचा, हातात येईल ती पावती न वाचता खिशात कोंबायचा आणि पुढे जायचा. आज तो दार उघडून उतरला, पँटवरची धूळ झटकत खिडकीपाशी आला आणि सावलीला आल्यासारखा उभा राहिला.

"वारा बरा सुटलाय," तो म्हणाला.

"बरा आहे."

त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत, दांडीकडे गेली आणि पुन्हा आवारात आली. मेडेलने ते पाहिलं. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग एक पाऊल बाजूला झाली.

"नीट बघ, हर्शेल. आकडे बारीक आहेत."

तो थोडा ओशाळला, पण त्याने वाकून बघितलं. सावकाश, ओठ हलवत आकडा वाचला. "बरोबर आहे," तो म्हणाला.

"आहेच. घे पुढे, मागे रांग लागलीये."

तो ट्रककडे वळला. मागच्या ट्रकमधून धाकटा आयव्हीही दार उघडून खाली उतरत होता. मेडेलने काटाघराच्या खिडकीची, दांडीसमोरची दुसरी झडप ढकलून उघडली आणि ती वाऱ्याने मिटू नये म्हणून तिच्याखाली एक वीट सरकवली.