चाकाला चाक

माझे वडील थिओफिल दुगे दिवसा सिगार वळायचे आणि संध्याकाळी थिएटरच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचे. न्यू ऑर्लिन्सच्या आमच्या सेव्हन्थ वॉर्डात अशा माणसाला वजन होतं. घरात आम्ही फ्रेंच बोलायचो. आपला रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा आहे आणि पणजोबांच्याही आधीपासून आपल्यात कुणी गुलाम नव्हता, हे पापा दर रविवारी जेवताना ऐकवायचे. मग नवे कायदे आले. रक्तात थेंबभर काळं असलं तरी माणूस काळाच. थिएटरच्या मॅनेजरनं पापांना बोलावलं, गोऱ्या वादकांची हरकत आहे असं सांगितलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला.

खरं तर पापांचा राग त्या मॅनेजरवर निघायला हवा होता. तो निघाला कॅनाल स्ट्रीटपलीकडच्या लोकांवर. ती गडद काळी माणसं गुलामीतून सुटून उसाच्या मळ्यांवरून शहरात आलेली, गोदीत पोती उचलणारी. गोऱ्यांनी आपल्याला ह्यांच्या पंगतीला नेऊन बसवलं, असं पापा म्हणायचे, आणि म्हणताना थुंकायचे.

मी लग्न केलं ते तिकडच्याच एझेकिएल पर्डीशी. झीक गोदीत हमाल होता आणि कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, वाजवायचा. कागदावरचा एक सूर त्याला वाचता येत नव्हता. मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते एका अंगणात, मासे तळत होते तिथं. त्यानं चर्चमधलं साधं भजन घेतलं, आणि मध्येच त्याचं कॉर्नेट गुरगुरायला लागलं, कुणाला तरी तोंडावर शिव्या घालाव्यात तसं. मी लहानपणापासून नीटनेटकं संगीत ऐकत आले होते. संगीताला चिडता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पापांना विचारलं तर म्हणाले, "ते संगीत नाही, ढेकर आहे." लग्नाला ते आले नाहीत. मीही त्यांच्या दाराशी जायचं सोडलं.

त्या काळी रविवारी दुपारी बँड घोडागाडीत बसून गावभर वाजवत हिंडायचे, संध्याकाळच्या नाचाची जाहिरात म्हणून. दोन गाड्या एका कोपऱ्यावर आल्या की लोक त्यांची चाकं एकमेकांना दोरीनं बांधून टाकायचे. मग दोन्ही बँडची जुगलबंदी लागायची, आणि हरणाऱ्याला पळता येऊ नये म्हणून हे बांधणं. थिएटरची नोकरी सुटल्यावर पापा आमच्या वॉर्डातल्या एका बँडमध्ये गेले होते. ते सगळे कागद समोर ठेवून वाजवणारे. एका रविवारी मी पोटुशी होते, फुटपाथवर उभी होते, आणि एका बाजूनं पापांची गाडी आली, दुसऱ्या बाजूनं झीकची. लोकांनी हसत हसत चाकं बांधली.

पापांनी एक जुनी फ्रेंच चाल वाजवली. सुंदर वाजवली, खोटं का बोलू. लोकांनी टाळ्या दिल्या. झीकनं ती एकदाच ऐकली आणि तीच उचलली, पण तिचा ठेका मोडून टाकला. जिथं पाय पडायला हवा तिथं तो पडेना, भलतीकडेच पडे, आणि सगळा कोपरा नाचायला लागला. एवढ्यावर तो थांबला असता तर बरं. त्यानं पापांची क्लॅरिनेटवरची नाजूक थरथर कॉर्नेटवर हुबेहूब काढली आणि शेवटी गाढवाचं ओरडणं जोडलं. लोक पोट धरून हसले.

"जनावरं," पापा उभे राहून म्हणाले.

"सासरेबुवा, कागद उलटा धरलाय का बघा जरा," झीक म्हणाला.

मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटत होती. तेवढ्यात पोलीस आले. कुणा गोऱ्याची बग्गी अडली होती. पापा टोपी काढून एका पोलिसाकडे गेले आणि त्यांच्या शुद्ध इंग्रजीत सांगू लागले, की मी थिओफिल दुगे, चाकं ह्या लोकांनी बांधली, आम्ही ह्यांच्यातले नाही. पोलीस हसला. ज्या शिवीनं पोलीस झीकसारख्यांना हाक मारायचे त्याच शिवीनं त्यानं पापांना हाक मारली आणि हातातला दंडुका त्यांच्या तोंडावर मारला. झीकनं गाडीवरून उडी टाकून तो दंडुका धरला. मग त्यालाही बडवलं. दोघांना पोलिसांच्या एकाच गाडीत कोंबून नेलं.

सोमवारी सुटले. झीकचा डोळा सुजून बंद झाला होता. पापांचा ओठ फाटला होता, पुढचा दात गेला होता. असल्या तोंडानं त्यांना आपल्या गल्लीत जायचं नव्हतं, म्हणून ते पहिल्यांदा माझ्या घरी आले. मी गम्बोचा दाट रस्सा वाढला आणि वाढता वाढताच बोलले.

"आम्ही ह्यांच्यातले नाही म्हणालात ना? मी आहे ह्यांच्यातली. पोटातलंही आहे. आता ठरवा, जेवणार का उठणार."

ते जेवले नाहीत, उठलेही नाहीत. झीककडे न बघता त्यांनी विचारलं, "ते गुरगुरणं तू कसं काढतोस?"

"कुठलं? ढेकर?"

"तेच. ओठ बरा झाला की मला शिकव. त्या पोलिसाला मला जे सांगायचंय ते माझ्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही."

मला वाटलं, आता मिटेल. झीक म्हणाला, "मला जनावर म्हणालात. ते आधी परत घ्या." पापांनी घेतलं नाही. झीक ताट सरकवून बाहेर निघून गेला.

ओठ सांधल्यावर पापा रोज संध्याकाळी येऊन आमच्या पायरीवर बसू लागले. आयुष्यभर घासूनपुसून ठेवलेला आपला स्वर ते स्वतःच फोडायला बघत होते, आणि तो फुटत नव्हता. भयंकर ऐकू यायचं. शेजारणी खिडक्या लावून घ्यायच्या. झीक आत बसून दात-ओठ खायचा. शेवटी एका संध्याकाळी तो तरातरा बाहेर गेला.

"हे रागावणं नाही, भीक मागणं आहे," तो ओरडला. "तोंडावर फटका खाल्लाय ना तुम्ही? मग तो विसरल्यासारखं काय वाजवता?"

पापाही उसळले. तू कुठल्या पट्टीत वाजवतोस हे तुला तरी ठाऊक आहे का, म्हणाले. मग रोज हेच. त्या पायरीवर ते भांडायचे, आणि भांडण तोंडी पुरेना की वाद्यांवर चालू व्हायचं. झीक खालच्या सुरांतून ढकलायचा, आणि पापा वरच्या सुरांतून, थिएटरात कमावलेली सगळी बोटं घेऊन, त्याच्या अंगावर धावून जायचे. असलं काही आमच्या वॉर्डात कुणी ऐकलं नव्हतं, कॅनाल स्ट्रीटपलीकडेही नाही. खिडक्या उघडल्या. गल्लीत माणसं जमायला लागली.

पुढे दोघं एकाच बँडमध्ये वाजवू लागले. भांडण सोडून एकमेकांशी काही बोलायचं झालं तर माझ्यामार्फत. एकदा तळ्याकाठी गोऱ्यांच्या मेजवानीला त्यांना बोलावलं. आत जायला स्वयंपाकघराचं दार. मी मुलीला कडेवर घेऊन तिथंच थांबले होते. त्या दिवशी पापांनी जे वाजवलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. गेलेली नोकरी, गेलेला दात, सगळं त्यात होतं. आणि समोर गोरे जोडीजोडीनं नाचत होते, घामाघूम होऊन. एक बाई मुद्दाम जवळ येऊन म्हणाली, तुम्ही लोक किती आनंदी असता हो नेहमी.

ती गेल्यावर पापांनी वाद्य खाली घेतलं. त्यांनी मला मध्ये न घेता सरळ झीकलाच विचारलं, "हिला काहीच कळलं नाही?"

"कळलं असतं तर आपल्याला आत घेतलं असतं का?" झीक म्हणाला.

पापांनी क्लॅरिनेटच्या तोंडची पत्ती बदलली आणि पुढची चाल सुरू केली, आधीपेक्षाही तापून.

मोठ्या तापाच्या साथीत पापा गेले, तोवर ते दोघं एकत्र वाजवत राहिले. जनावर हा शब्द पापांनी शेवटपर्यंत परत घेतला नाही. झीकनंही त्यांना माफ केलं नाही. मात्र खांदा द्यायला तोच पुढे होता, आणि दफनभूमीच्या वाटेवर कुणी त्याचं सांत्वन करायला गेलं की त्या माणसावर खेकसत होता.