आर्डिसच्या टाक्या

आर्डिस टॉलफसन आमच्या एल्स्टन गावच्या हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं आधी विमान चालवायला शिकून घेतलं आणि मग स्वतःचं विमान बांधायला काढलं. दोन माणसांचं, पुढे छोटा पंख, मागे इंजिन, सगळं अंग काचेच्या कापडाचं आणि ते चिकटवून घट्ट करणाऱ्या रेझिनचं. नवरा मर्ल ट्रॅक्टर दुरुस्त करून करून कंटाळलेला होता, तोही हाताशी आला. त्याला उडण्यात रस नव्हता, बांधण्यात होता.

काचकाम दोघांना शिकवलं लाइलनं. हा मर्लचा धाकटा भाऊ. त्यानं अगदी असंच विमान बांधलं होतं आणि आमच्या गवती धावपट्टीवरून तो ते दिमाखात उडवायचा. त्याच्याशी वाद घालायच्या भानगडीत आम्ही कुणी पडत नसू.

पंख झाले, धड झालं, आणि टाक्यांची पाळी आली. या विमानात पेट्रोलची टाकी वेगळी आणून बसवत नाहीत. पंखाच्या मुळाशी जी पोकळी असते, तिलाच आतून रेझिनचे थर देऊन टाकी करतात.

"कुठलं रेझिन घ्यायचं?" आर्डिसनं विचारलं.

"पंखांना घेतलं तेच," लाइल म्हणाला. "डबा उघडलेलाच आहे की."

"पंखांत आपण पेट्रोल भरत नाही."

"माझ्या टाक्यांत किती वर्षं पेट्रोल आहे, विचार तुझ्या नवऱ्याला."

"कुठलं पेट्रोल?"

"आधी विमानाचं. ते इथं मिळेनासं झाल्यापासून गावातल्या पंपावरचं. का?"

पंपावरच्या पेट्रोलात मक्याचं अल्कोहोल असतं. आमच्याकडे चारी बाजूंना मकाच, त्यामुळे त्याविरुद्ध बोलणं म्हणजे शेजाऱ्याशी भांडण. आर्डिस त्याविरुद्ध काही बोलली नाही. तिनं फक्त काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या काढल्या, त्यांत पंपावरचं पेट्रोल ओतलं आणि वेगवेगळ्या रेझिनमध्ये घट्ट झालेल्या काचकापडाच्या पट्ट्या बुडवून ठेवल्या. एका बरणीत पंखांना लावलेलं नेहमीचं इपॉक्सी. एकीत व्हिनाइल एस्टर, जे रसायनांच्या पिंपांना आतून लावतात. त्याचा वास इतका उग्र की डबा उघडला की मर्लचं कुत्रं शेडबाहेर पळायचं. आणखी दोन-तीन प्रकार होते.

मर्लला थांबवेना. "तुझ्या बरण्या मुरेपर्यंत मी म्हातारा होईन, मास्तरीणबाई," असं म्हणून त्यानं उजवी टाकी इपॉक्सीनंच करून टाकली. झाकण बसवलं, शिवण घोटून गुळगुळीत केली. काम देखणं झालं होतं, हे आर्डिसनंही कबूल केलं. डाव्या टाकीला मात्र तिनं हात लावू दिला नाही.

बर्फ पडून धावपट्टी बंद झाली, तेव्हा तिनं बरण्या उघडल्या. लाइल कॉफी प्यायला आलेला होता. इपॉक्सीच्या बरणीतलं पेट्रोल चहासारखं तांबूस झालं होतं. तिनं पट्टी बाहेर काढून नखानं ओरखडा काढला. वरचा थर मेणासारखा निघून आला.

"अर्धवट सुकलेली असेल," लाइल म्हणाला.

"तुझ्याच हातची आहे. तुझ्या उरलेल्या तुकड्यातून कापली मी."

मग तिनं व्हिनाइल एस्टरची पट्टी टेबलाच्या कडेवर आपटली. ती टणटण वाजली. त्या बरणीतलं पेट्रोल होतं तसंच राहिलेलं.

"बरणी वेगळी आणि विमान वेगळं," लाइल उठत म्हणाला. "चल, माझ्या इंजिनाची पेट्रोलची गाळणी उघडून दाखवतो. मग या बरण्यांत पुन्हा लोणचं घाल."

आम्ही तिथे होतो ते सगळे त्याच्यामागून त्याच्या हँगरमध्ये गेलो. ही विमानं रिकामी उभी करतात तसं, नाक जमिनीला टेकवून त्याचं विमान उभं होतं. त्यानं गाळणीची वाटी फिरवून काढली, आत न बघताच आर्डिसपुढे धरली, आणि तिचा चेहरा बघून मग स्वतः वाकला. वाटीत तपकिरी, बुळबुळीत गोळा बसला होता. पेट्रोल जायला जेमतेम फट उरलेली.

लाइलनं तो गोळा बोटानं चेपून पाहिला. मागच्याच महिन्यात मुलीला घेऊन तो मोठ्या तळ्यावरून उडून आला होता.

"आर्डिस," तो शेवटी म्हणाला, "ते घाण वासाचं रेझिन किती उरलंय?"

"आपल्या दोघांनाही पुरेल इतकं मागवता येईल."

मर्ल मधेच निघून गेला होता. आम्हाला वाटलं रुसला. परत शेडमध्ये येऊन पाहतो तर त्यानं करवत लावून आपल्या देखण्या टाकीचं झाकण अर्धं कापलेलं.

"मी सांगणारच होते," आर्डिस म्हणाली.

"म्हणूनच घाई केली," मर्ल म्हणाला. "तू सांगितल्यावर कापायचं म्हणजे फार जड गेलं असतं."

आतला इपॉक्सीचा थर त्यांनी सँडपेपरनं निस्तेज पांढरा होईपर्यंत घासला. नवं रेझिन हट्टी निघालं. पहिल्या भांड्यात लाइलनं सवयीप्रमाणे सढळ हातानं रेझिन घट्ट करणारं औषध ओतलं. मिश्रण तापलं, धूर काढू लागलं आणि भांड्यातच दगड झालं. आर्डिसनं ते चिमट्यानं उचलून बर्फात फेकलं आणि दुसरं भांडं स्वतः मोजून केलं. कालवायचं काम तिच्याकडे, कापड बसवायचं लाइलकडे. त्याच्याइतका चपळ हात आमच्याकडे कुणाचा नाही, आणि या रेझिनला चपळाईच लागते. शेड आधी तापवून घ्यायची, शेगडी विझवायची, मगच डबा उघडायचा, अशी तिची शिस्त. तोंडावर मास्क बांधून दोघं खुणांनी भांडायची.

टाक्या बंद झाल्यावर मर्लनं त्यांत हवा भरली आणि शिवणीवरून साबणाचं पाणी फिरवलं. उजवीच्या कोपऱ्यात एकच बुडबुडा फुगला. तो कोपरा पुन्हा घासला, पुन्हा थर दिला. पुढच्या खेपेला साबण नुसता वाळून गेला. तेव्हा मर्लनं टाकीवर हात ठेवला आणि तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

मे महिन्यात, वारा पडलेल्या एका सकाळी, आर्डिसनं गावातल्या पंपावरून स्वतः कॅनमध्ये पेट्रोल आणलं आणि दोन्ही टाक्या भरल्या. पहिल्या उड्डाणाला बरोबर कुणाला न्यायची परवानगी नसते. ती एकटी बसली, काच ओढून घेतली. लाइलनं पंखाची टोकं पकडून विमान हलवून पाहिलं, खाली वाकून थेंब पडतोय का ते बघितलं आणि अंगठा वर केला.

गवतावरून ते उसळत गेलं, नाक उचललं, आणि मग चाकांची थडथड एकदम थांबली. मक्याच्या कोवळ्या रांगांवरून ते वर चढत राहिलं. इंजिन कुठे अडखळलं नाही. आम्ही सगळे माना वर करून, आवाज ऐकत उभे. लाइल पुटपुटत होता, "अजून थोडं, अजून थोडं."

एक फेरी मारून उतरायचं ठरलं होतं. फेरी झाली आणि ती उतरलीच नाही. रेडिओवर मर्लनं विचारलं, "काही बिघडलंय का?"

"काही नाही," तिचा आवाज आला. "उजव्या टाकीवर उडले, आता डावीवर उडून बघते. आणि खरं सांगायचं तर खाली यावंसंच वाटत नाहीये."

मग ती आमच्या डोक्यावरून इतकी खालून गेली की धावपट्टीवरचं गवत आडवं झालं. लाइलनं टोपी काढून हवेत फेकली. ती कुणाच्या हाती आली नाही, पलीकडे सोयाबीनच्या शेतात जाऊन पडली. ती शोधायला कुणीच गेलं नाही.

त्याचं स्वतःचं विमान अजून टाक्या उघड्या टाकून हँगरमध्ये पडलं होतं. ते जून संपता संपता उडालं. जुलैत दोन्ही विमानं विस्कॉन्सिनमधल्या विमानांच्या मोठ्या मेळाव्याला निघाली, एकामागून एक. पुढच्या विमानात आर्डिस, आणि तिच्या मागच्या सीटवर मर्ल. आपल्याला उडण्यात रस नाही असं तो तिथे पोचेपर्यंत सांगत होता, परतताना मात्र, मिसिसिपी नदी ओलांडल्यावर, त्यानं विचारलं, "थोडा वेळ मी धरू का ती विमान चालवायची दांडी?"