जनाजा अडवणारा

कुंबोनं भोपळ्याच्या तुंब्यात दूध ओतलं, वर गवताचं झाकण ठेवलं आणि तुंबा फाटकाशी नेऊन ठेवला. झेझुमा येणार, जनाजा अडवणार, मेलेल्याला नाही नाही ते बोलणार आणि दूध वसूल केल्याशिवाय वाट सोडणार नाही. गुराखी फुलानींच्या घरी मयत झालं आणि बोबो जमातीच्या थट्टेच्या सोयऱ्यानं धिंगाणा घातला नाही, तर ते मयत कसलं!

तिचा नवरा बेल्को पांढऱ्या कापडात बांधून तयार होता. इमाम सारखे उन्हाकडे बघत होते.

"आई, तो काही येत नाही," थोरला येरो म्हणाला. "दफन झालं की गुरं घेऊन निघू. सरहद्दीपलीकडे मामा आहे."

"झेझुमाला येऊ दे. त्यानं शिवी घातली की आपण इथलेच. मग मामाचं नाव काढायचं नाही."

येरोचं चुकत होतं असंही नाही. पावसाळा सरला आणि शेजारच्या गावांवर बंदूकवाले चालून आले. तेव्हापासून गुरं राखणारा प्रत्येक फुलानी त्यांचाच माणूस ठरला. इथल्या बोबो पोरांनी गावराखणीसाठी बंदुका घेतल्या आणि झेझुमाचा मुलगा त्यांचा म्होरक्या झाला. काल दिवेलागणीला त्याच पोरांनी बेल्कोला खाटेवर घालून आणला. विहिरीच्या कठड्यावर पाय घसरून तोंडावर आपटला म्हणाली. जखम डोक्याच्या मागच्या बाजूला होती. धुताना कुंबोनं ती पाहिली, इतरांनीही पाहिली, आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

पण झेझुमा म्हणजे झेझुमा. त्याचं आणि बेल्कोचं उभ्या आयुष्यात एकदाही सरळ बोलणं झालं नव्हतं. घरात फुलानींची बोली, बाजारात परक्याशी बोलायला जुला, पण शिव्या मात्र दोघं बोबोतच द्यायचे. आमच्या भाषेत शिवीला मीठच लागत नाही, असं बेल्को म्हणायचा. झेझुमाची आई गेली तेव्हा या बाबानं तिचेच कपडे चढवले, तिच्यासारखा कमरेत वाकला आणि ज्वारीची दारू मागत अंगणभर फिरला. झेझुमा रडता रडता इतका हसला की त्याला ठसका लागला. शिव्या हव्या तेवढ्या द्याव्यात, रक्त मात्र एकमेकांचं सांडू नये, हा दोन्ही जमातींचा वाडवडिलांपासूनचा करार. ज्याच्या घरानं ते सांडलं, त्याचा थट्टेचा हक्क गेला. हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

फाटकात झेझुमा दिसला आणि कुंबोचा जीव भांड्यात पडला. एकटाच आला होता. बायकांनी हसायच्या तयारीनं तोंडाला पदर लावले. तो मात्र फाटकाच्या कडेला उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

म्हातारा दमला असेल, कुंबोला वाटलं. तिनंच सुरुवात करून दिली, बोबोत.

"आलास का रे कुत्रेखाऊ? वास बरा लागला तुला. हा बघ, तुझा गुलाम पळून चालला. अडव की."

दोघीतिघी हसल्या. झेझुमानं तुंब्याकडे पाहिलं, मग पांढऱ्या कापडाकडे. त्याचे ओठ हलले. शब्द आले ते जुलातून.

"बाई, फार चांगला माणूस गेला. देव तुम्हाला धीर देवो."

हसणं थांबलं. तरी कुंबो हसायचा प्रयत्न करत पुढं झाली.

"चांगला कसला? तुझी बकरी चोरली होती ना त्यानं? दर मयताला सांगतोस. आज सांग की."

तिचा आवाज भीक मागितल्यासारखा झाला होता आणि ते तिचं तिलाही कळलं.

"त्यांनी माझं कधी काही नेलं नाही," झेझुमा म्हणाला. टोपी त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरली होती.

कुंबो त्या टोपीकडे बघत राहिली. मग तिनं डोळे पुसले आणि तीही बाजारातल्या भाषेत बोलली, अनोळखी माणसाशी बोलावं तशी.

"आलात, उपकार झाले. तुमचा मुलगा बरा आहे ना?"

झेझुमानं मान वर केली नाही.

कुंबोनं तुंबा उचलला आणि दूध मातीत ओतून टाकलं.

"येरो," ती म्हणाली, "धाकट्याला सांग, आत्ताच गुरं सोड म्हणावं."

माणसांनी जनाजा उचलला. झेझुमा मुकाट्यानं बाजूला सरकला आणि त्यानं वाट दिली.